अपंगांच्या सवलती आणि खात्रीचा सल्ला

(संस्थेच्या अंधेरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण. सभासदांच्या इच्छेवरून ते येथे दिले आहे.)



आजच्या संमेलनात बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली आणि विषयाची निवड मात्र आमच्यावर सोपविली. अशा प्रसंगी विद्यार्थ्यांचे कौतुक, विवाहातील खर्च, तरुणांनी नोकरी धरावी की उद्योगात पडावे, असे विषय निघतात आणि ते निघावेत हेही योग्यच आहे. तथापि आज या सभागृहात जी कुटुंबे आली आहेत, त्यांतील काहींच्या घरी एक माणूस मागे राहिले आहे. कोणाचा मुलगा जन्मतः ऐकू शकत नाही, कोणाच्या सुनेची दृष्टी गेली आहे, कोणाच्या वडिलांना अर्धांगवायूने अंथरुणास खिळविले आहे. जिना चढवत नाही, रिक्षात बसवत नाही, लोकांच्या नजरा नकोशा होतात, म्हणून ती माणसे संमेलनास येत नाहीत. त्यांच्याविषयी आज बोलावे असे आम्ही ठरविले.

त्यांच्याविषयी दयेचे दोन शब्द बोलावेत असा आमचा हेतू नाही. दया आपल्या समाजात पुष्कळ आहे. उणीव आहे ती खात्रीच्या माहितीची. केंद्र सरकार, राज्य सरकार, महापालिका, रेल्वे, एस. टी. या सर्वांनी अपंगांसाठी, ज्यांना आता सरकारी भाषेत दिव्यांग म्हणतात त्यांच्यासाठी, काही साहाय्य आणि काही सवलती ठेवल्या आहेत. त्या कोणास मिळाव्यात याचे नियमही ठरलेले आहेत. पण ते नियम विचारावयास आपण जातो ते बहुधा शेजाऱ्यांकडे, मामांकडे, नाहीतर आमच्यासारख्या चार लोकांत वावरलेल्या वडीलधाऱ्याकडे. यातून काय घडते, हे आम्ही दुसऱ्या कोणाच्या नव्हे, स्वतःच्या चुकीवरून सांगणार आहोत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्यापैकीच एक कुटुंब, याच अंधेरीत राहणारे. वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. ते निवृत्त होऊन वारले आणि आईस कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू लागले. थोरली मुलगी मेंदूच्या पक्षाघाताने जन्मापासून परावलंबी, वय अडतीस. पुढे आईही गेली. तेराव्याच्या दिवशी पाने उठल्यावर त्या मुलीचा धाकटा भाऊ आमच्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, “काका, आईचं पेन्शन आता बंद होणार. ताईला काही मिळेल का हो?” आम्ही क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, “अरे, मुलांना पंचविसाव्या वर्षापर्यंतच असतं ते. तुझी ताई अडतीस वर्षांची. आता नाही मिळायचं.” तो मान हलवून उठला. काकांनी सांगितले म्हणजे तसेच असणार, असे त्याने मानले, आणि पुढे दोन वर्षे कोठेही विचारले नाही.

आमचे वाक्य खोटे नव्हते. ते अर्धे होते. मुलांचे कुटुंबनिवृत्तिवेतन साधारणपणे पंचविसाव्या वर्षी थांबते हे खरे. परंतु जे अपत्य अपंगत्वामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नाही, त्यास ते हयातभर मिळू शकते, हा त्याच नियमाचा पुढला भाग आहे. २०२१ साली केंद्र सरकारने या बाबतीतली उत्पन्नाची मर्यादाही सैल केली. त्या अपत्याचे इतर उत्पन्न साधारण दराने मिळणाऱ्या कुटुंबनिवृत्तिवेतनाहून कमी असले, तर ते हक्कदार ठरते. इतकेच नव्हे, अशा अपत्याचे नाव आईवडिलांच्या हयातीतच निवृत्तिवेतनाच्या आदेशात नोंदवून ठेवता येते. यातले आम्हांस काहीही ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते याचा दोष लहान. ठाऊक नसताना ठाऊक असल्यासारखे बोललो, हा दोष मोठा.

दोन वर्षांनी एका मुंजीत त्या मुलाची गाठ लेखा विभागातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांशी पडली. त्यांनी “मिळेल” असे म्हटले नाही आणि “मिळणार नाही” असेही म्हटले नाही. “उद्या घरी या, नियम वाचून पाहू,” एवढेच ते म्हणाले. नियम वाचला गेला, वैद्यकीय दाखला काढला गेला, अर्ज झाला आणि काही महिन्यांनी त्या मुलीचे निवृत्तिवेतन सुरू झाले. पण मधल्या दोन वर्षांत एका पगारावर चार माणसांचे घर चालविताना तिचा व्यायाम करून घ्यावयास येणाऱ्या बाईंचे पैसे परवडेनासे झाले होते. त्या येईनाशा झाल्या. पूर्वी उजव्या हातात चमचा धरून ती स्वतः जेवत असे. आता तिला भरवावे लागते. व्यायाम पुन्हा सुरू झाला आहे. पण आखडलेली बोटे सुटली नाहीत. आम्ही त्या घरी जातो तेव्हा ती हसून स्वागत करते. तिने किंवा तिच्या भावाने आम्हांस एका शब्दाने दोष दिलेला नाही. म्हणूनच आज तो आम्ही चारचौघांत स्वतःकडे घेत आहोत.

या प्रसंगानंतर आम्ही या विषयात लक्ष घातले, तेव्हा दिसून आले की जिव्हाळ्याचा सल्ला तीन प्रकारे चुकतो. एक, नियम अर्धा ठाऊक असतो. दोन, नियम जुना असतो. तीन, नियम खरा असतो, पण तो दुसऱ्याच योजनेचा असतो. या तिसऱ्या प्रकाराने सर्वांत अधिक घोटाळा होतो आणि त्याचे कारण इतिहासात आहे.

अपंगांच्या साहाय्याचे कायदे एकाच वेळी, एकाच हेतूने झालेले नाहीत. १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याचा प्रश्न होता, कामावर झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने किती द्यावी. १९४८ साली राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. ती योजना १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली आणि १९५४ मध्ये मुंबईस आली. तिचा प्रश्न, कामगाराची कमावण्याची शक्ती किती घटली. १९८० साली महाराष्ट्र सरकारने संजय गांधी निराधार अनुदान योजना काढली. तिचा प्रश्न, या माणसास आधार आहे की नाही. १९९५ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा झाला, त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. प्रश्न निरनिराळे असल्यामुळे उत्तरेही निरनिराळी येतात. एका दारी नकार मिळाला म्हणजे दुसऱ्या दारीही तो मिळेलच असे नाही, आणि एका दारी होकार मिळाला म्हणजे सर्व दारे उघडली असेही नाही.

याचे उदाहरण आपल्या अंगणातलेच घ्या. अंधेरी पूर्वेस मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आपले कित्येक तरुण काम करतात. समजा, एखाद्याचा अंगठा यंत्रात सापडून तुटला. त्याचा स्नेही त्यास सांगतो, “चाळीस टक्के अपंगत्व असल्याखेरीज काही मिळत नाही, तुझे तेवढे भरणार नाही.” हा चाळीस टक्क्यांचा नियम खरा आहे, पण तो हक्कांच्या कायद्याचा आहे. कामगार विम्यात चाळीसची अट नाही. तेथे मोजली जाते ती कमाईची शक्ती, आणि १९४८ च्या कायद्याच्या परिशिष्टात एक अंगठा गेल्यास ती ३० टक्के घटली असे धरलेले होते. अंगठ्याशेजारचे संपूर्ण बोट गेल्यास १४ टक्के. त्या प्रमाणात दरमहा हप्ता मिळतो आणि तो हयातभर मिळतो. शिवाय या लाभासाठी अमुक काळ वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क पोहोचतो. २०१० च्या दुरुस्तीने घरून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसून आल्यास, कामावरचा अपघात मानला गेला. लोकलगाडीतून रोज जीव मुठीत धरून जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावे. स्नेह्याचे ऐकून तो तरुण घरी बसला, तर हयातभराचा हक्क एका वाक्यासरशी बुडाला.

येथेच नियम जुना होण्याचेही उदाहरण सापडते. १९२३ आणि १९४८ चे हे दोन्ही कायदे आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. म्हणून जुने पुस्तक काढून कलमाचा आकडा सांगणाऱ्यावर विसंबू नये. आज कोणते कलम लागू आहे हे कामगार विमा महामंडळाच्या शाखा कचेरीतच विचारावे.

आता त्या चाळीस टक्क्यांकडे वळू. २०१६ च्या कायद्याने ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वास एक विशेष दर्जा दिला. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षण आणि इतर पुष्कळ लाभ या रेषेपासून पुढे सुरू होतात. म्हणून घरोघरी समजूत झाली की चाळीसचा दाखला हाती आला म्हणजे सर्व मिळाले. वस्तुस्थिती तशी नाही. एस. टी. च्या प्रवासात ४० टक्के अपंगत्व असलेल्यास भाड्यात ७५ टक्के सूट आहे. बरोबरच्या माणसास सूट हवी असेल तर अपंगत्व ६५ टक्के असावे लागते. रेल्वेकडे मात्र नुसता आकडा पुरत नाही. हातापायाने अपंग असलेला माणूस सोबतीवाचून प्रवास करू शकत नाही, असे रेल्वेच्या ठराविक नमुन्यातील दाखल्यात डॉक्टरांनी लिहिलेले असावे लागते. म्हणून पन्नास टक्क्यांचा दाखला असलेला माणूस एस. टी. त सवलत घेतो आणि तिकीटखिडकीवरून रिकाम्या हाताने परततो. त्यास वाटते कारकुनाने अडविले. कारकून आपल्या योजनेचा नियम पाळत असतो. चूक दुसऱ्या योजनेचा नियम घेऊन जाणाऱ्याची असते.

संजय गांधी योजनेत अपंगत्वाबरोबर उत्पन्नही पाहतात. दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे लागते, आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षांचे वास्तव्य असावे लागते. हिची रक्कम २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाली आणि दिव्यांगांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये करण्यात आली. ज्याने २०२२ साली चौकशी करून “हजार रुपयांसाठी कोण हेलपाटे घालणार” म्हणून अर्ज टाकून दिला, त्यास ही वाढ कोणी सांगितली असेल काय? केंद्र सरकारची २००९ सालची अपंग निवृत्तिवेतन योजना वेगळी. तिला ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब लागते. मुंबई महापालिकेने अलीकडे जे अर्थसाहाय्य सुरू केले, त्यात पिवळ्या ओळखपत्रास सहामाही ६,००० रुपये आणि निळ्या ओळखपत्रास १८,००० रुपये ठेवले आहेत. पिवळे म्हणजे चाळीस ते ऐंशीच्या आतले, निळे म्हणजे ऐंशी आणि त्यापुढचे. प्राप्तिकर भरणाऱ्या कुटुंबासही दोनच पायऱ्या आहेत. ४० टक्क्यांस ७५,००० रुपयांची आणि ८० टक्क्यांस १,२५,००० रुपयांची वजावट. पण ती जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही. नवी पद्धत सोयीची म्हणून निवडताना आपण काय सोडतो आहोत, हे घरात दिव्यांग व्यक्ती असलेल्याने आधी मांडून पाहावे.

आणखी एक चुकीचा सल्ला आम्ही वारंवार ऐकला आहे, आणि तो सर्वांत महागाचा आहे. सरकारी नोकरीत असताना एखाद्यास पक्षाघात झाला किंवा त्याची दृष्टी गेली, म्हणजे चार लोक त्यास म्हणतात, “आता मानाने राजीनामा द्या.” त्यांनी हे ऐकून सही करू नये. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी सेवकास काढून टाकता येत नाही, त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. पहिले काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे द्यावे, आणि तेही नसेल तर त्याच्यासाठी अधिक पद राखावे, अशी तरतूद १९९५ च्या कायद्यात होती आणि ती २०१६ च्या कायद्यातही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कुणालसिंग यांच्या प्रकरणात हेच बजावून सांगितले. खाजगी नोकरीतील जो माणूस नोकरीत असताना कायमचा आणि पूर्ण असमर्थ झाला, त्यासही १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांची सेवा नसतानासुद्धा निवृत्तिवेतन ठेवलेले आहे. त्यासाठी एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे काढून खाते बंद करण्यापूर्वी हे विचारलेच पाहिजे.

या सर्वांचे मूळ म्हणजे अपंगत्वाचा दाखला. जून २०२१ पासून तो केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करूनच मिळतो, आणि त्याबरोबर एक ओळखपत्रही मिळते. अर्ज भरण्यास शुल्क नाही. अर्जात रुग्णालय निवडावे लागते. अंधेरीकरांस जुहूचे कूपर रुग्णालय जवळचे. नेमल्या दिवशी ओळखीचे कागद, छायाचित्र आणि उपचारांचे सर्व जुने कागद घेऊन जावे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर निर्णयास तीन महिन्यांची मुदत आहे. अपंगत्व नाही असे ठरले तर तसे लेखी कळविणे वैद्यकीय अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि त्या निर्णयावर अपीलही करता येते. म्हणून तोंडी नकार घेऊन परतू नये. दाखला हाती आल्यावर तो कायमचा आहे की ठराविक मुदतीचा, हे तेथेच वाचून पाहावे. मुदतीचा दाखला कपाटात ठेवून तो संपल्याचे न कळल्यामुळे साहाय्य थांबलेली घरे आम्हांस ठाऊक आहेत.

ज्यांच्या घरी मतिमंद, स्वमग्न किंवा मेंदूच्या पक्षाघाताने आजारी असे अपत्य आहे, त्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. अपत्यास अठरा वर्षे पूर्ण झाली की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. हे काम आईवडील धडधाकट असताना करावे. आपल्यामागे हिचे कसे होईल, ही चिंता रात्री उशाशी घेऊन निजण्यापेक्षा एक अर्ज करणे बरे. याच न्यासाची निरामय नावाची एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजनाही अशा अपत्यांसाठी आहे.

आता मुख्य प्रश्न, खात्रीचा सल्ला घ्यावा कोठे? आमचे उत्तर सोपे आहे. जो निर्णय देणार, त्यासच विचारावे. निराधार योजनेचे तहसील कचेरीत, रेल्वेचे रेल्वेत, विम्याचे विमा महामंडळात, कुटुंबनिवृत्तिवेतनाचे ज्या खात्यातून माणूस निवृत्त झाला त्याच्या निवृत्तिवेतन शाखेत. आपला जिल्हा मुंबई उपनगर आहे हे विसरू नये. त्याचे अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. आपले जिल्हाधिकारी वांद्र्यास बसतात. कोटातील कचेरी ही मुंबई शहर जिल्ह्याची. तेथे जाऊन अर्धा दिवस घालविलेली मंडळी या सभागृहातही असतील. श्रवणदोषासंबंधी वांद्र्याची १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि हातापायांच्या अपंगत्वासंबंधी हाजीअलीची १९५५ पासूनची पुनर्वसन संस्था, या दोन्ही सरकारी संस्था आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. आणि जेथे नकार मिळाला पण तो पटत नाही, तेथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने दिव्यांग व्यक्तीस, तिचे उत्पन्न कितीही असो, वकिलाचा सल्ला आणि साहाय्य विनामूल्य मिळण्याचा अधिकार आहे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मार्ग सांगतात.

विचारण्याचीही एक रीत आहे. “आमच्या मुलीला काही मिळेल का?” असा प्रश्न करू नये, त्याचे उत्तर “नाही” असेच येते. चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. या योजनेचे नाव आणि नियम कोणता? तो कोणत्या तारखेचा, आणि नंतर बदलला आहे काय? आमच्या बाबतीत कोणती अट पुरी होते आणि कोणती होत नाही? नकार असेल तर तो लेखी द्याल काय, आणि त्यावर दाद कोठे मागावी? उत्तर देणाऱ्याचा हुद्दा आणि तारीख त्याच कागदावर टिपून ठेवावी. उत्तर मिळतच नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. तीस दिवसांत लेखी उत्तर देणे कचेरीवर बंधनकारक आहे. भांडणाची गरज बहुधा पडत नाही. कागद हाती असलेल्या माणसाशी कचेरीही कागदाने बोलते.

आणखी एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. कचेऱ्यांच्या आसपास “टक्के वाढवून देतो” म्हणणारे मध्यस्थ भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. अपंगांसाठीचा लाभ लबाडीने घेतल्यास २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शिक्षेहूनही वाईट म्हणजे अशा प्रत्येक खोट्या दाखल्यामुळे खऱ्या अपंगाकडे संशयाने पाहिले जाते. आपल्या समाजाचे नाव अशा यादीत कधी येऊ नये.

यात संस्थेने काय करावे? आमच्या तीन सूचना आहेत, आणि त्यांस फार पैसा लागत नाही. पहिली, संस्थेच्या कचेरीत एक वही ठेवावी. प्रत्येक योजनेस एक पान. त्यावर अटी, कागदपत्रे, कचेरीचा पत्ता, आणि ही माहिती कोणी, कोठे, कोणत्या तारखेस पडताळली याची नोंद. सहा महिन्यांहून जुन्या पानावर कोणीही सल्ला देऊ नये. दुसरी, आपल्यात निवृत्तिवेतन, महसूल, रेल्वे, बँक आणि विमा या खात्यांतून निवृत्त झालेली मंडळी आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी दर रविवारी सकाळी दोन तास कचेरीत बसावे आणि गरजू कुटुंबाबरोबर कचेरीपर्यंत एक खेप करावी. एकट्या बाईस किंवा वृद्धास तीनदा परत पाठविले जाते. बरोबर कोणी असले म्हणजे पहिल्याच खेपेस निदान कोणता कागद कमी आहे ते तरी नीट कळते. तिसरी सूचना सल्ला देणाऱ्यांसाठी. “मिळेल” आणि “मिळणार नाही” हे दोन्ही शब्द त्यांनी उच्चारू नयेत. नियम वाचून दाखवावा आणि ठरविणाऱ्याकडे न्यावे. ज्यास ठाऊक नाही त्याने “ठाऊक नाही, विचारून सांगतो” असे म्हणावे. असे म्हटल्याने वडीलधाऱ्याचा मान कमी होत नाही, हे आम्ही उशिरा शिकलो.

हेच बंधन या भाषणासही लागू आहे. आम्ही आज जे आकडे सांगितले ते आजच्या दिवसाचे आहेत. स्मरणिकेतून ते तुमच्या हाती पडतील तोवर एखादा बदललेलाही असेल. म्हणून आमच्या शब्दावर विसंबून कोणीही अर्ज करू नये, आणि कोणी अर्ज सोडूनही देऊ नये. या भाषणाचा उपयोग इतकाच की दार कोणते ते कळावे. आत जाऊन विचारणे ज्याचे त्याने करावयाचे आहे.

शेवटी एक विनंती. पुढील वर्षीचे संमेलन कार्यकारी मंडळाने तळमजल्यावरच्या, चाकांची खुर्ची आत नेता येईल अशा जागी भरवावे. आम्ही ज्या मुलीची हकीकत सांगितली तिला आम्ही आमंत्रण देऊन ठेवले आहे आणि तिने येण्याचे कबूल केले आहे. तिच्याबरोबर आपल्या घरी मागे राहिलेली माणसेही यावीत. आज घरी परतल्यावर ज्यांच्या कपाटात जुना दाखला आहे त्यांनी तो काढून त्याची मुदत पाहावी, आणि ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी येत्या रविवारी संस्थेच्या कचेरीत यावे. आम्ही तेथे वही घेऊन बसलेले असू.